कलम शोधायला गेले आणि शेंगदाण्यात सापडले

मे महिन्यात माझा लीगल रिसर्चचा कोर्स संपला आणि तेव्हापासून आमच्या एच-फोरवाल्या (म्हणजे एच-वन-बी वर कामाला आलेल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) बायकांच्या ग्रुपवर चौघींनी तरी विचारलंय की अगं हे इथले कायदे वाचायचे तरी कसे, नुसते आकडे आणि कंसच दिसतात. प्रत्येकीला व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधीच सांगते, मी इथली वकील नाही. तुमच्या केसबद्दल विचारलंत तर "वकिलाला विचार" एवढंच उत्तर मिळेल.

माझं थोडक्यात सांगायचं तर मूळची सांगलीची, एलएलबी भारतातलं, तालुका कोर्टात दोन वर्षं एका सीनियर सरांच्या हाताखाली तारखा घेणं, वकालतपत्रं भरणं, झेरॉक्स मारणं असलं सगळं केलं. २०१६ ला लग्न होऊन न्यू जर्सीत आले. पहिली दोन वर्षं घरीच. २०१८ ला एच-फोरचं वर्क परमिट आलं तेव्हापासून एका छोट्या ऑफिसात पार्टटाइम डेटा एन्ट्री. मग लेकीची शाळा सुरू झाली आणि डोक्यात परत वळवळायला लागलं की आपण कायदा शिकलोय ना, मग कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट तरी करू.

सप्टेंबर २०२३ मध्ये अर्ज करायला घेतला. कुणीतरी सांगितलं की भारतातल्या डिग्रीचं मूल्यांकन करून घे, दोन-तीन विषय माफ होतील. झालं, भाऊ कामाला लागला. विद्यापीठात चलन भरा, मग सीलबंद लिफाफा, मग लिफाफ्यावर सहीच नाही, मग सही करणारे साहेब रजेवर, मग दिवाळीची सुट्टी. लिफाफा निघाला नोव्हेंबरच्या शेवटी. इथल्या मूल्यांकन करणाऱ्या कंपनीचे दीडशे डॉलर, कुरियर वेगळं, आणि पाच आठवडे थांबून रिपोर्ट काय आला तर डिग्री मान्य आहे पण कायद्याचे विषय इथल्या कायद्याचे नसल्यामुळे एकही माफ नाही. आता वाटतं की आधी कॉलेजच्या ॲडव्हायझरला एक ईमेल टाकली असती तर हे फुकटात कळलं असतं. तुम्ही आधी ईमेल टाका.

जानेवारी २०२४ ला क्लास सुरू झाला, दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ. तीन क्रेडिटची फी आणि बाकीचे चार्जेस मिळून सातशे डॉलरच्या वर गेले. वर सायटेशनचं, म्हणजे कायद्याचा पत्ता कसा लिहायचा त्याचं, ते प्रसिद्ध ब्लूबुक, स्पायरल बायंडिंगचं, २०२० ची एकविसावी आवृत्ती, ते मी सेकंडहँड बावीस डॉलरला घेतलं. आधीच्या मालकाने अर्ध्या पुस्तकावर हायलायटर फिरवलेला होता आणि उरलेलं अर्धं बहुतेक उघडलेलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्याचं होमवर्क. बाई म्हणाल्या, नोकरीतल्या भेदभावाचा जो कायदा आहे ज्याला सगळे टायटल सेव्हन म्हणतात, त्यातली मुख्य मनाई शोधून तिचं सायटेशन लिहून आणा. मला वाटलं किती सोपं. फेडरल कायद्यांचं जे अधिकृत संकलन आहे, युनायटेड स्टेट्स कोड, ते फुकट ऑनलाइन आहे, संसदेच्या खालच्या सभागृहाच्या साइटवर. तिथे गेले, डाव्या बाजूला टायटल्सची यादी, एक ते चोपन्न, सातवं उघडलं. शेती! कापूस, तंबाखू, मध, शेंगदाणे, जनावरांचे बाजार. मला वाटलं याच्यातच कुठेतरी शेतमजुरांच्या भेदभावाबद्दल असेल आणि तिथून कायदा पुढे वाढला असेल. खरंच असं वाटलं मला, एलएलबी असून! दोन तास शेंगदाण्यात घालवले. लेक येऊन विचारून गेली, आई तू शेतीचं शिकतेस का.

दुसऱ्या दिवशी बाईंना घाबरत ईमेल केली तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की ते टायटल सात कोडचं नाही, कायद्याचं आहे. ही ओळ कळायला मला आणखी आठवडा लागला.

झालं काय होतं, की माझं डोकं अजून बेअर ॲक्टवर, म्हणजे एकेका कायद्याच्या नुसत्या मजकुराच्या पुस्तकावर, चालत होतं. आपल्याकडे कायदा म्हणजे एक पुस्तक. चेक बाउन्स झाला की कलम १३८, ते १८८१ च्या कायद्यात आहे आणि तिथेच राहणार, त्या पातळशा पुस्तकात. चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालं तरी ते एका नव्या पुस्तकातलं, भारतीय न्याय संहितेतलं, तीनशे अठरा आहे. इथे तसं नाही. इथे काँग्रेसने पास केलेला कायदा म्हणजे दुकानातून आणलेली किराण्याची पिशवी समजा. पिशवीला एक नंबर मिळतो, पब्लिक लॉ अमुक-तमुक. पहिला आकडा कितवी काँग्रेस, दुसरा त्या काँग्रेसचा कितवा कायदा. मग त्या पिशवीची नोंद तारखेप्रमाणे एका जाडजूड वहीत होते, तिचं नाव स्टॅच्यूट्स ॲट लार्ज. तिथे पिशवीतलं सगळं जसंच्या तसं, आणलेल्या क्रमाने. आणि तिसऱ्या पायरीला ती पिशवी स्वयंपाकघरात रिकामी होते, डाळ डाळीच्या डब्यात, साखर साखरेच्या डब्यात. ते डबे म्हणजे कोड. चोपन्न डबे, त्यातला त्रेपन्नावा अजून रिकामा ठेवलेला. आठवा परदेशी नागरिकांचा म्हणजे आपला, अठरावा गुन्ह्यांचा, सव्विसावा टॅक्सचा, बेचाळिसावा आरोग्य-कल्याण वगैरेचा.

१९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट ही मोठी पिशवी होती, पब्लिक लॉ ८८-३५२. त्या पिशवीच्या आतच अकरा पुड्या होत्या, त्यांनाही टायटलच म्हणतात. त्यातली सातवी पुडी नोकरीतल्या भेदभावाची आणि ती रिकामी केली बेचाळिसाव्या डब्यात. म्हणून टायटल सेव्हनचा पत्ता ४२ यू.एस.सी. § २०००ई पासून पुढे (यू.एस.सी. म्हणजे युनायटेड स्टेट्स कोड, § म्हणजे सेक्शन). दोन हजार आणि पुढे ई, हा ई सेक्शनच्या नंबरचाच भाग आहे, पोटकलम नाही, मध्ये जागा भरली की असे अक्षरं चिकटवलेले नंबर येतात. मला जी मनाई हवी होती ती § २०००ई-२(ए) मध्ये. हे कळलं तेव्हा मला आधी स्वतःचाच राग आला आणि मग असं नाव देणाऱ्यांचा.

नाव माहीत असेल आणि पत्ता नसेल तर त्याच साइटवर पॉप्युलर नेम टूल म्हणून एक यादी आहे, त्यात नाव टाकायचं. पब्लिक लॉ नंबर माहीत असेल तर टेबल थ्री बघायचं, त्यात त्या कायद्याचं कुठलं कलम कोडात कुठे गेलं ते ओळीओळीने दिलेलं असतं. या दोन गोष्टी पहिल्या दिवशी सांगितल्या असत्या तर माझे शेंगदाणे वाचले असते.

दुसरा-तिसरा आठवडा कंसांचा. सेक्शनच्या आत उतरायची शिडी ठरलेली आहे. आधी लहान अक्षर (सबसेक्शन), मग आकडा (पॅराग्राफ), मग मोठं अक्षर (सबपॅराग्राफ), मग लहान रोमन अंक (क्लॉज), मग मोठे रोमन (सबक्लॉज), मग दुहेरी लहान अक्षरं (आयटम). इथे देवनागरीत लहान-मोठं अक्षर दाखवता येत नाही, त्यामुळे मी शब्दांत सांगतेय, पण सायटेशनमध्ये लहान-मोठ्याचा घोळ केलात तर पत्ता सरळ दुसऱ्या घरी जातो. आणि लहान आय दिसला की थांबायचं. ते एच नंतरचं अक्षर आहे की रोमन एक? ते तो कंस शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे त्यावरून ठरतं. मी आजही बोट ठेवून बाहेरून आत मोजत जाते, पहिलीच्या पोरासारखी.

याच आठवड्यात मला जो शोध लागला तो मी नवऱ्याला रात्री उठवून सांगितला. १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट, त्याचं कलम १०१, सबसेक्शन लहान ए, पॅराग्राफ १५. कोडात ते ८ यू.एस.सी. § ११०१(ए)(१५). इथे तात्पुरत्या येणाऱ्या लोकांची यादी आहे, आणि यादीतली मोठी अक्षरं म्हणजेच आपले व्हिसे! ए मध्ये राजदूत, बी मध्ये पाहुणे, एफ मध्ये विद्यार्थी, एच मध्ये कामगार. एच च्या आत रोमन एक, त्याच्या आत बी. एच, एक, बी. म्हणजे एच-वन-बी. इतकी वर्षं आम्ही घरात दिवसातून दहादा जो शब्द बोलतोय तो कायद्याच्या पुस्तकातला घराचा पत्ता आहे. (तो शेवटचा बी मात्र लहान आहे, म्हणजे मघाची शिडी इथे पाळलेलीच नाही. जुन्या कायद्यांत असं चालतं, तिथे जसं छापलंय तसंच लिहायचं, आपण सुधारायला जायचं नाही.) नवरा म्हणाला बरं, आणि कुशीवर वळला.

मग साहजिकच मी स्वतःला शोधलं. एच-फोर. रोमन चार असेल म्हणून बघितलं तर ते नाहीच. एच च्या सगळ्या लांबलचक वाक्याच्या शेपटीला एक तुकडा आहे, की या परिच्छेदातल्या अशा कुठल्याही परक्या नागरिकाची बायको किंवा नवरा आणि अल्पवयीन मुलं, जर "त्याच्या"सोबत येत असतील किंवा मागून येत असतील तर. त्याच्या! कामाला आलेला माणूस म्हणजे पुरुषच, असं १९७० ला हा तुकडा जोडताना गृहीत धरलेलं. माझी एक मैत्रीण स्वतः एच-वनवर आहे आणि तिचा नवरा एच-फोर, तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली मग आम्ही बेकायदा का? नाही. कोडच्या अगदी पहिल्याच कलमात, १ यू.एस.सी. § १ मध्ये, लिहून ठेवलंय की पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरायच्या, एकवचनात अनेकवचन धरायचं. हे मला ओळखीचं वाटलं, कारण आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १३ हेच सांगतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा असं झालं की माझं जुनं शिक्षण कामाला आलं, त्या दिवशी मी जरा जास्तच हात वर केला क्लासमध्ये.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र एक रात्र वाईट गेली. होमवर्क होतं की रोजच्या आयुष्याशी संबंधित एक कलम निवडा आणि पूर्ण वाचा. मी § ११८४ घेतलं, तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या प्रवेशाचं. रात्रीचे अकरा, नवरा झोपलेला, मी सबसेक्शन जी पर्यंत आले. पॅराग्राफ एक मध्ये ते प्रसिद्ध वर्षाला ६५,००० एच-वन-बी चं गणित. पॅराग्राफ चार एका ओळीचा. एच-वन-बी माणसाच्या राहण्याचा मंजूर काळ सहा वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. पूर्णविराम. अपवाद नाही, "पुढे दिल्याप्रमाणे सोडून" नाही, काही नाही. नवरा आलाय २०१४ ला. म्हणजे चार वर्षं झाली ही सहा वर्षं संपून.

मला माहीत होतं की ग्रीन कार्डच्या रांगेतल्या लोकांना तीन-तीन वर्षांची एक्स्टेन्शन्स मिळतात, आमच्याकडे अप्रूव्हलचे कागद फाइलमध्ये लावलेले आहेत, ऑफिसचा वकील दर वेळी करतो. पण मी तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होते ना, मला कायद्यात ते दिसायला हवं होतं. सेक्शन शेवटपर्यंत वाचलं, नाही. परत वाचलं, नाही. सगळं नियमांच्या, म्हणजे रेग्युलेशनच्या जिवावर चाललंय का, आणि नियम काय, सरकार बदललं की बदलतात, असं काय काय मनात आलं. रात्री दीड वाजता फाइल काढून आय-७९७ चा, म्हणजे अप्रूव्हलचा, कागद टेबललॅम्पखाली धरून बसले होते.

पुढच्या मंगळवारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तू कलमाचा शेवट कुठे समजलीस? मी म्हटलं जिथे मजकूर संपतो तिथे. त्यांनी प्रोजेक्टरवर तेच पान उघडलं आणि खाली स्क्रोल करायला लागल्या. मजकूर संपला. मग कंसात सुरुवातीच्या १९५२ च्या कायद्यापासून नंतरच्या सगळ्या दुरुस्त्यांची रांग, याला सोर्स क्रेडिट म्हणतात. मग संपादकीय टिपा. मग आणखी खाली, स्टॅच्युटरी नोट्स. आणि त्या टिपांमध्ये, बारीक अक्षरात, २००० सालच्या एका कायद्याची कलमं १०४(सी) आणि १०६, पब्लिक लॉ १०६-३१३. इमिग्रेशनवाले ज्याला एसी-ट्वेंटीवन म्हणतात तोच. साध्या भाषेत, ग्रीन कार्डची याचिका मंजूर आहे पण देशवार मर्यादेमुळे नंबर लागत नाही अशांना, आणि ज्यांची प्रक्रिया सुरू होऊन वर्ष उलटून गेलंय अशांना, सहा वर्षांनंतरही मुदतवाढ. कोडचे संपादक दर वेळी नव्या कायद्यातला प्रत्येक तुकडा कलमाच्या पोटात घालत नाहीत, काही तुकडे टीप म्हणून खाली लावतात. पण टीप म्हणून लावलं तरी काँग्रेसने पास केलेला तो कायदाच आहे, ताकद तेवढीच. सायटेशनही तसंच होतं, ८ यू.एस.सी. § ११८४ आणि पुढे नुसता शब्द "नोट".

न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी घरांची गृहकर्जं त्या टिपेवर उभी आहेत आणि ती कलमाच्या तळाशी पडलीय. तेव्हापासून मी कुठलंही कलम उघडलं की आधी पार खाली जाऊन येते.

संपादकीय टिपा आणि स्टॅच्युटरी टिपा यात गल्लत करू नका हं. पहिल्या संपादकांनी समजावून सांगण्यासाठी लिहिलेल्या, त्या कायदा नाहीत. आणि माझ्या वर्क परमिट कार्डावर जो सी-२६ छापलाय तो कायद्यातला नाहीच, तो नियमांतला पत्ता आहे, ८ सी.एफ.आर. § २७४ए.१२(सी)(२६) (सी.एफ.आर. म्हणजे कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स, नियमांचं संकलन). कायदा काँग्रेस करते, नियम खातं करतं, दोन्हीत टायटल आठ आहे, म्हणून यू.एस.सी. आणि सी.एफ.आर. ही मधली अक्षरं आधी बघायची. एच-फोरला काम करू देणारा नियम २०१५ चा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल दर थोड्या दिवसांनी ग्रुपवर जी धाकधूक होते ती का होते ते तेव्हा नीट कळलं.

मार्चमध्ये सायटेशन. वीस सायटेशन्स लिहायची होती, माझी परत आली तेव्हा चौदांवर लाल शाई. चुका कसल्या तर यू.एस.सी. च्या मध्ये मी स्पेस सोडलेल्या, त्या सोडायच्या नाहीत. § या चिन्हानंतर सोडली नव्हती, तिथे सोडायची. दोन कलमं असतील तर चिन्ह दोनदा. वाक्याची सुरुवात चिन्हाने नाही, तिथे "सेक्शन" पूर्ण लिहायचं. "एट सेक" म्हणजे "आणि पुढची" लिहिलं तर ब्लूबुकला चालत नाही, नक्की कुठून कुठपर्यंत ते लिहा म्हणतं, पण वकिलांचे कागद बघितले तर सगळीकडे एट सेक, म्हणजे परीक्षेला एक आणि ऑफिसला एक. वर्षाचं वेगळंच. जुन्या आवृत्त्यांप्रमाणे शेवटी कंसात कोडचं वर्ष लिहायचं असे, २०२० च्या आवृत्तीपासून ते सक्तीचं नाही. मी जुन्या व्हिडिओवरून शिकले होते म्हणून सगळीकडे वर्ष लावून बसले, तेही बिनचूक नाही.

ते § चिन्ह कीबोर्डवर शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली होती. विंडोजवर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर ०१६७, मॅकवर ऑप्शन आणि ६. आणि चिन्हानंतर साधी स्पेस न देता वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, म्हणजे चिन्ह एका ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीत असं लोंबकळत नाही. यासाठी मला एक्स्ट्रा मार्क नाही मिळाले पण बाईंनी टिकमार्कच्या बाजूला एक हसरा चेहरा काढला.

त्याच महिन्यात एकदा लॉ लायब्ररीत जायचं होतं, विद्यापीठाच्या. बऱ्याच लायब्रऱ्या सरकारी प्रकाशनांच्या डिपॉझिटरी असतात, तिथे ती प्रकाशनं बघायला कुणीही जाऊ शकतं, नुसतं ओळखपत्र दाखवून आत सोडलं मला. भाष्यासकट असलेल्या कोडचे खंडच्या खंड. प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्यात खाच आणि त्यात एक पातळ पुस्तिका खोचलेली, पॉकेट पार्ट. मुख्य खंड छापल्यानंतर जे बदललं ते त्यात. मी एक कलम मुख्य खंडातून छान उतरवून घेतलं आणि पुस्तिका बघितलीच नाही, तर ते बदललेलं होतं. माझे सीनियर सर असते तर म्हणाले असते, "मॅडम, दुरुस्ती चिकटवली का?" कारण आमच्या चेंबरमध्ये बेअर ॲक्टमध्ये दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवायचं काम माझंच होतं.

बाईंनी एप्रिलमध्ये एक केस वाचायला दिली ती मला फार आवडली. १९१६ च्या एका कायद्याने पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावातल्या राष्ट्रीय बँकांना विमा विकायची परवानगी दिली होती. कोडच्या संपादकांनी १९५२ मध्ये ते कलम कोडातून काढून टाकलं, कारण त्यांच्या मते ते १९१८ मध्येच रद्द झालं होतं. तरी काँग्रेस, बँका, खातं सगळे ते आहे असंच धरून चाललेले. मग एका भांडणात खटल्यातल्या कुणी मुद्दा काढला नसताना अपील कोर्टाने स्वतःच विचारलं, हे कलम आहे का तरी? सगळा घोळ अवतरणचिन्हांचा. १९१६ च्या छापील कायद्यात अवतरणचिन्हं अशा ठिकाणी पडली होती की तो परिच्छेद भलत्याच कलमाचा भाग वाटत होता, आणि ते कलम १९१८ ला नव्याने लिहिलं गेलं. सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये एकमताने सांगितलं की चिन्हं चुकून तिथे पडलीत, कलम जिवंत आहे. जिवंत असलेलं कलम कोडात नव्हतं, चाळीस वर्षं!

म्हणजे कोडात दिसतंय म्हणून तेच अंतिम असं नाही. चोपन्नपैकी काही टायटल्स काँग्रेसने स्वतः जशीच्या तशी पास केलीत, पॉझिटिव्ह लॉ म्हणतात, अठरावं त्यातलं. तिथे कोडच पुरावा. बाकीची, जसं आपलं आठवं, संपादकांनी लावलेली मांडणी आहे, फरक पडला तर स्टॅच्यूट्स ॲट लार्जमधला मूळ मजकूर चालणार. हे १ यू.एस.सी. § २०४ मध्ये आहे. साइटवर पॉझिटिव्ह टायटल्सच्या पुढे चांदणी असते. इमिग्रेशनवाले वकील कोडातला आकडा सोडून जुन्या कायद्याचा आकडा का बोलतात, ११८४ ऐवजी २१४, ११८२ ऐवजी २१२, ते इथे येऊन मला उलगडलं. माझ्यासारखीने एक छोटी वही करावी, डावीकडे २१४ उजवीकडे ११८४. मी फ्रिजवर लावलीय.

मेमध्ये फायनल, बी प्लस. ए मायनस होता होता राहिला, दोन मार्कांनी, आणि त्यातला एक मार्क स्पेसचा होता.

खरा उपयोग ऑगस्टमध्ये झाला. आमच्या गावच्या मंडळाच्या कमिटीची गणपतीची मीटिंग होती, खजिनदार काकांच्या बेसमेंटमध्ये. आपलेच एक ओळखीचे गृहस्थ नोव्हेंबरच्या निवडणुकीत टाउनशिप कौन्सिलला उभे होते, त्यांना आरतीनंतर स्टेजवर पाच मिनिटं हवी होती आणि मंडळाच्या ईमेलवरून "आपला माणूस" असं एक पत्र जावं अशी इच्छा. अर्धी कमिटी म्हणे काय हरकत आहे, आपला मराठी माणूस. दुसरी अर्धी म्हणे मंडळ फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री म्हणजे करमाफीवाली संस्था आहे, चालत नाही. का चालत नाही ते कुणालाच सांगता येईना. मी फोनवर २६ यू.एस.सी. § ५०१ उघडलं.

आता हे सी-थ्री म्हणजे एकच वाक्य आहे, अर्ध्या पानाचं. आणि मजा म्हणजे त्यात करमाफी दिलीय असं कुठेच म्हटलेलं नाही, ती आहे वरच्या सबसेक्शन ए मध्ये, की खाली सी मध्ये वर्णन केलेल्या संस्थांना करमाफी. म्हणजे सी ही नुसती वर्णनांची यादी. मी वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य तोडून लिहिलं. कशासाठी स्थापन झालेली संस्था, तर धार्मिक, धर्मादाय, शैक्षणिक वगैरे, मुलांवरची आणि प्राण्यांवरची क्रूरता थांबवणं इथपर्यंत. मग तीन अटी. एक, नफ्यातला काहीही भाग कुणा खाजगी माणसाच्या खिशात जाता कामा नये. दोन, कायदे व्हावेत-न व्हावेत म्हणून प्रचार करणं हा कामाचा "मोठा भाग" नसावा. तीन, कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध निवडणूक प्रचारात भाग घेता कामा नये, निवेदनं छापणं-वाटणं धरून. दुसऱ्या अटीत "मोठा भाग" आहे, तिसऱ्या अटीत तो शब्दच नाही. म्हणजे तिथे थोडंसं, पाच मिनिटं, एकच ईमेल, असलं काही नाही.

एक काकू म्हणाल्या, "पण ते शाळेतल्या मुलांना कंपास वाटणार होते." त्याचं उत्तर कलमात नव्हतं. शेवटी ठरलं की त्यांनी इतरांसारखं प्रसादाच्या रांगेत उभं राहावं आणि लोकांशी बोलावं, स्टेज नाही, ईमेल नाही. पक्कं करायला टॅक्सवाल्यांना विचारायचं हेही ठरलं.

काका मिनिट्स टाइप करत होते, म्हणाले कलम नीट सांग गं, रेकॉर्डला राहू दे. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं "सेक्शन ५०१ सी ३". मी म्हटलं काका, सी कंसात, तीन कंसात, सी लहान. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉपच माझ्याकडे सरकवला. मी ऑल्ट ०१६७ दाबलं तर काही होईना, त्यांच्या लॅपटॉपला नंबरपॅडच नव्हता.